केळी रोपांच्या ऑनलाइन नोंदणीचा अर्ज: सोय चांगली, चौकटींची निवड सदोष

रावेर परिसरातील एका रोपवाटिकेने टिश्यू कल्चर केळी रोपांची आगाऊ नोंदणी आपल्या संकेतस्थळावर सुरू केली आहे. मृगबागेसाठी, म्हणजे जून-जुलैतील लागवडीसाठी, रोपे हवी असतील तर मागणी बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळे खेटे न घालता घरून अर्ज भरता येणे ही खरोखर गरजेची सोय आहे. हे परीक्षण रोपांचे नसून केवळ त्या अर्जाचे आणि सोबतच्या व्हिडिओंचे आहे.

सर्वांत मोठी अडचण गट क्रमांकाशी येते. सातबाऱ्यावर तो पुष्कळदा ११२/२ किंवा ११२/२/अ असा असतो, पण अर्जात त्यासाठी एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील ‘नंबर’ प्रकारची चौकट ठेवली आहे. या प्रकारात काही ब्राउझर तिरकी रेघ टाइपच करू देत नाहीत, तर काही ती स्वीकारल्यासारखे दाखवून शेवटी अर्ज अडवतात. कार्ड क्रमांक किंवा पिनकोड यांसारख्या, अंकांनी बनलेल्या पण संख्या नसलेल्या माहितीसाठी हा प्रकार योग्य नाही, असे एचटीएमएलच्या प्रमाणकातच म्हटले आहे. ज्या आकड्यात एक मिळवण्याला किंवा वजा करण्याला काही अर्थ आहे, तेथेच तो शोभतो. गट क्रमांकासाठी साधी मजकुराची चौकट हवी.

रोपांची संख्या मात्र खरी संख्या आहे: सहा बाय पाच फूट अंतरावर एकरी १४५२ रोपे बसतात. तरीही संगणकावर कर्सर त्या चौकटीत असताना माउसचे चाक फिरले, तर काही ब्राउझरमध्ये हा आकडा नकळत बदलतो. म्हणून येथेही मजकुराची चौकट ठेवून ‘इनपुटमोड’ या गुणधर्माने फोनवर अंकांचा कीबोर्ड उघडणे मला अधिक सुरक्षित वाटते. मोबाइल क्रमांकासाठी हा कीबोर्ड बरोबर उघडतो, पण मराठी कीबोर्डवरून लिहिलेले देवनागरी अंक अर्ज नाकारतो. ते अंक रूपांतरित करून घेणे अगदी सोपे काम असताना खानदेशातील शेतकऱ्याला कीबोर्ड बदलायला लावणे योग्य नाही.

लागवडीच्या तारखेसाठी ब्राउझरचे स्वतःचे कॅलेंडर वापरले आहे. वार पाहून दिवस ठरवायचा असल्याने ते उपयोगी आहे, मात्र ही चौकट दिवस आधी दाखवते की महिना, हे फोनच्या किंवा ब्राउझरच्या भाषेवर अवलंबून असते. रोपवाटिकेकडे तारीख बरोबर जाते, पण ०५/०६ पाहून ५ जून समजायचे की ६ मे, असा प्रश्न नेमका मृगबागेच्या तोंडावर शेतकऱ्याला पडतो. चौकटीखाली निवडलेली तारीख महिन्याच्या नावासह लिहिल्यास हा घोळ टळेल. जळगाव जिल्ह्यातील पंधरा तालुक्यांची यादी ठीक आहे.

व्हिडिओंच्या बाबतीत माझी नाराजी जास्त आहे. सर्व ब्राउझरमध्ये नियंत्रणे सारखी दिसावीत, हा रचनाकारांचा आग्रह मी समजू शकतो, परंतु त्यासाठी स्वतः घडवलेल्या बटणांत पुढेमागे नेण्याची पट्टीच राहिलेली नाही. पिशवी कापून मातीचा गोळा न फुटता रोप खड्ड्यात कसे ठेवावे, हा भाग पुन्हा पाहायचा तर व्हिडिओ पहिल्यापासून लावावा लागतो. केवळ ‘कंट्रोल्स’ हा गुणधर्म लिहिला असता, तर ब्राउझरने ही पट्टी, आवाज आणि पूर्ण पडदा, सारे काही दिले असते. पान उघडताच व्हिडिओ आवाज बंद ठेवून आपोआप सुरू होतो; आवाजासह सुरू होणारे व्हिडिओ क्रोम २०१८ पासून सहसा अडवतो, म्हणून ही पळवाट काढलेली दिसते, पण तिच्यात डेटा ग्राहकाचा खर्च होतो. ‘ट्रॅक’ या घटकाने मराठी सबटायटल्स जोडली असती, तर ट्रॅक्टरच्या आवाजातही मार्गदर्शन वाचता आले असते.

सध्या नोंदणी करणाऱ्यांनी गट क्रमांकाच्या चौकटीत फक्त रेघेआधीचा आकडा भरावा, पूर्ण क्रमांक ‘इतर माहिती’मध्ये लिहावा आणि पैसे भरण्याआधी रोपांची संख्या पुन्हा तपासावी.