किंग्ज क्वेस्ट ५ की मंकी आयलंड?

दोन्ही १९९० चे कॉम्प्युटर गेम, कोडी सोडवत पुढे जायचे, पण स्वभाव दोन टोकांचे. सिएराचा 'किंग्ज क्वेस्ट ५' दिसायला देखणा, आतून खुनशी. भूक लागली म्हणून बेकरीतला कस्टर्ड पाय (खायचा, चालायचा नव्हे) खाल्लात की मेलात. फक्त ते कळतं खूप उशिरा, बर्फाळ डोंगरात यती समोर आल्यावर. त्याच्या तोंडावर फेकायला तोच पाय हवा असतो. जुना सेव्ह नसेल तर पुन्हा श्रीगणेशा!

लुकासफिल्मचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' असा दगा देत नाही, म्हणून माझं मत त्याला. डोकं तिथेही पिकतंच: मधोमध कप्पी असलेली रबरी कोंबडी तारेवर अडकवून पलीकडे घसरायचं, हे सुचणार कुणाला? त्याचा नायक गायब्रश मरतो तो एकाच ठिकाणी, पाण्याखाली दहा मिनिटं रेंगाळलात तर.