बाळंतिणीच्या मनासाठी: आशाताईची घरभेट की १४४१६?

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईने सहा वेळा घरी यायचं असतं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. खरं काम बाळाचं, म्हणजे वजन, ताप, दूध. पण आईचं मनाचं दुखणं आधी दिसतं तेही तिलाच. बाळ रडतंय, आई भिंतीकडे तोंड करून पडलीय, आळिवाच्या खिरीची वाटी तशीच गार झालीय, हे फोनवर कुणाला दिसणार?

अडचण एकच, पण मोठी. खाटेला लागून सासूबाई बसलेल्या असतात. "कसं वाटतंय गं?" विचारलं की "बरंय ताई" एवढंच उत्तर येतं. "आजी, जरा पाणी आणता का?" म्हणून दोन मिनिटं तिला एकटीला गाठावंच लागतं.

टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. रात्री तीनला रडू आवरत नाही तेव्हा आशाताई नसते, हा नंबर असतो. ओळखीचं कुणी ऐकत नाही, म्हणून मनातलं बोलताही येतं. पण स्वतःचा मोबाइल आणि नंबर लावण्याइतकं बळ, दोन्ही हवं.

माझा कौल घरभेटीला. पहिल्या काही दिवसांतली रडारड सहसा दोन आठवड्यांत ओसरते. नाही ओसरली, तर ताईने तिथेच बसून १४४१६ लावून द्यावा. जीव द्यावासा वाटत असेल, बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील किंवा भास होत असतील, तर मात्र तिला एकटं न सोडता त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.