सर्व्हर आमचा, पासवर्ड त्याचा

भोसरी एमआयडीसीत आमचं एअर कॉम्प्रेसरच्या विक्रीचं आणि सर्व्हिसिंगचं काम आहे. कोणाची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, कधी संपतेय, कोणाला कोटेशन गेलंय, हे सगळं एका लांबड्या वहीत आणि माझ्या डोक्यात. माणसं नऊ झाली तेव्हा सीआरएम, म्हणजे ग्राहकांची सगळी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरवलं.

सेल्सवाला बोलायला गोड. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या सॉफ्टवेअरला, माणसामागे दरमहा पैसे मोजावे लागतात हे मला खुपत होतं, त्याने नेमकं तेच धरलं. "साहेब, जन्मभर भाडं कशाला? आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर, सर्व्हर तुमच्या ऑफिसात. डेटा तुमच्या कपाटात." नऊ युजरचं 'लाइफटाइम लायसन्स', सर्व्हरसकट २ लाख ४० हजार, वर १८ टक्के जीएसटी. घासाघीस करून १० हजार कमी करवले, त्याचा मला आनंदही झाला!

पहिला झटका गुरुवारी. इथे सुट्टी गुरुवारची; त्या वारीच कंपन्या कॉम्प्रेसर खोलू देतात, म्हणजे आमची खरी धावपळ त्याच दिवशी. आणि देखभालीसाठी वीजही गुरुवारीच जाते. यूपीएसने वीस मिनिटं तग धरला, मग सर्व्हर बंद. चाकणला मशीनपुढे उभा असलेला पोरगा फोनवर, "दादा, काहीच उघडत नाहीये."

तेही चालवून घेतलं. वर्ष भरलं तशी 'देखभाल करारा'ची ६५ हजारांची मागणी आली. नाही म्हटलं, तर नवा माणूस जोडता येईना. ॲडमिन पासवर्ड मागितला तर म्हणे, "आमच्या पॉलिसीत बसत नाही." सर्व्हर माझ्या टेबलाखाली घुरघुरतोय आणि किल्ली त्याच्या खिशात.

शेवटी भाच्याला बोलावलं. त्याने फाइली उघडल्या, तर फाइलींच्या डोक्यावर 'शुगर सीआरएम' आणि 'सुइट सीआरएम' छापलेलं. शुगरवरूनच बनलेलं सुइट सीआरएम २०१३ पासून नेटवर फुकट मिळतं. त्या सेल्सवाल्याने स्क्रीनवर पानाच्या तळाशी दिसणारी ती नावं पुसून आपला लोगो चिकटवला होता. फुकटचं सॉफ्टवेअर बसवून देण्याचे पैसे घेणं गैर नाही, फिटिंगचे मीही घेतो. पण युजरमागे लायसन्स? आणि 'रोजचा बॅकअप' निघाला त्याच हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये. डिस्क गेली असती तर दोन्ही गेलं असतं.

भाच्याने डेटाबेस काढून दिला, म्हणून वाचलो. पैसे बुडाले ते बुडालेच. बिलावर फक्त 'सॉफ्टवेअर व सेवा' लिहिलेलं, 'लाइफटाइम' आणि 'स्वतःचं' हे शब्द तोंडी. तक्रार कशाच्या जोरावर करणार?

आता क्लाउडवरचं घेतलंय. नव्या सेल्सवाल्याला म्हटलं, आधी ॲडमिन लॉगिन माझ्या ईमेलवर, मग माझ्यासमोर सगळी यादी बाहेर काढून दाखवा. एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. "सर, हे फक्त दिसायला तसं." म्हटलं, मग नीट दिसू दे. दोन दिवसांनी परत आला. या वेळी 'ज्ञानेश्वर'मधला ज्ञसुद्धा जागेवर होता. तेव्हा चेक फाडला.