टाक कोणाचा, हे मी विचारलंच नाही

माझ्या कादंबरीत एक टाक आहे, देवघरात पुजतात तो चांदीचा छोटा पत्रा. गुहागरकडच्या घरात नवी सून येते, कांदेपोहे, पत्रिका, याद्या असं सगळं रीतसर ठरवून झालेलं लग्न. दुसऱ्याच दिवशी देवघर पुसताना तिला देवांच्या टाकांत एका बाईचा टाक सापडतो. घरात ही कोण, ते कुणी सांगत नाही. रात्री जिन्यावर पैंजण वाजतात. आणि नवऱ्यावर तिचा जीव जडत जातो तसतसा तो टाक काळा पडत जातो. लोकांना आवडली. फेसबुकवर रोज एक भाग टाकायचे, ४२ भाग झाले. बँकेतून घरी येऊन, कुकर लावून, मोबाइलवर टाइप केलेली गोष्ट.

मे २०२३ मध्ये एका प्रकाशन संस्थेतून फोन आला. "मॅडम, आमच्या निवड समितीने तुमची कादंबरी एकमताने निवडली आहे." मी गॅस बंद केला. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिले. एवढं कौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं. मध्येच म्हणाला, "दोघं कॉलेजात पहिल्यांदा भेटतात तो प्रसंग तर अप्रतिम."

माझ्या कादंबरीत कुणी कॉलेजात भेटत नाही. लग्नाआधी ती दोघं एकदाच भेटतात, तेही दोन्हीकडची अकरा माणसं समोर बसलेली असताना. मला हे त्या क्षणी कळलं होतं, हे मुद्दाम सांगते. कळलं आणि मी स्वतःलाच समजावलं, की शेकडो हस्तलिखितं वाचणारा माणूस, होते गडबड. त्याला फक्त विचारायचं होतं, टाक कोणाचा निघतो? तीन शब्दांत उत्तर आहे. नाही विचारलं.

पुस्तक छापून देण्याचं पॅकेज २४,००० रुपयांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२०. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५०० धरलेले. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था तो देते आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो, हे मला सहा महिन्यांनी समजलं. पैसे एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पाठवले. पावतीवर २७ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक होता, म्हणजे महाराष्ट्रातला, म्हणून मी निर्धास्त. पुढे भाच्याने तो सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला तर हार्डवेअरचं दुकान निघालं.

मग कॉपीराइट नोंदणीचे ६,००० मागितले. साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे. आणि नोंदणी नसली तरी लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचाच असतो. मग दिल्लीच्या पुस्तक मेळ्यात मांडायचे १२,०००. फोटोही आला, रॅकवर माझं पुस्तक. बघून डोळ्यांत पाणी आलं, ते अजून आठवलं की चिडचिड होते. त्या फोटोत मुखपृष्ठावरची नवरी हिरव्या शालूत होती. हिरवं मुखपृष्ठ मी नापसंत केलं होतं, छापलं गेलं ते मरून. छापलंच नाही ते पुस्तक रॅकवर गेलं कसं? फोटोत नुसतं चित्र चिकटवलेलं होतं.

एकूण ४६,३२० रुपये. नवऱ्याला आकडा सांगितला तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता पंखा वाढवला.

ठरल्या होत्या ३०० प्रती, आल्या ४०. बाकीच्या "वितरणात आहेत". मिरजेतल्या ओळखीच्या छापखानेवाल्याने पुस्तक हातात घेऊन भाजी तोलल्यासारखं वरखाली केलं. म्हणाला, "ताई, हे डिजिटल आहे. मागणी येईल तेवढ्याच काढतात. ३०० कुठल्या?" मग त्याने एक पान उघडलं आणि हसू दाबलं. मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर त्यांनी जुन्या फॉन्टात ओतला होता. त्यात 'ऱ्य'मधला अर्धा 'ऱ' गळाला. 'पायऱ्या'चं झालं 'पायया', 'दुसऱ्या'चं 'दुसया'. जिना तर कादंबरीभर आहे. ऐन मध्यरात्री, पैंजणांच्या आवाजात, माझी नायिका 'पायया' उतरते. भुताला घाबरायचं की मुद्रितशोधनाला? आणि 'तज्ज्ञांकडून मुद्रितशोधन' या ओळीचेही पैसे लावले होते.

तोवर त्यांचं फोन उचलणं बंद. १९३० वर फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पण ही हेल्पलाइन पैसे गेल्या गेल्या केली तर उपयोगाची, तेव्हा रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. मी आठ महिन्यांनी गेले. ठाण्यातले साहेब सभ्य होते, पण करारावर माझी सही बघून म्हणाले, हे दिवाणी आहे. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. तिथे दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत जायला लागतं. यूपीआयचे स्क्रीनशॉट, सगळे संदेश, तो हिरवा फोटो, मरून पुस्तक, सगळं जोडलं. तारखा पडताहेत.

मला वाटलं होतं एवढ्यावर संपलं. एका दुपारी जाऊबाईंचा फोन. त्या पोळ्या करताना मोबाइलवर गोष्टी ऐकतात. "अगं, टाकाची गोष्ट लागलीये. तुझीच ना?" नाव वेगळं, माणसांची नावं वेगळी. मी म्हटलं, योगायोग असेल, टाक काय घरोघरी असतात. त्या म्हणाल्या, "योगायोग कसला, ऐक तर," आणि मोबाइल फोनजवळ धरला. एक यांत्रिक बायकी आवाज गंभीरपणे वाचत होता: ती हळूहळू पायया उतरू लागली.

करार काढला. नऊ पानी, इंग्रजीत. सातव्या पानावर ऑडिओ, चित्रपट, वेबमालिका, सगळे हक्क त्यांना. सही माझी, १२ जून २०२३. मी रोज लोकांना कर्जाच्या कागदांवर सह्या करायला लावते, "वाचून घ्या" म्हणते, आणि स्वतः शेवटचं पान उघडून सही केली.

एका वकीलबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून एका ओळीवर बोट ठेवलं. हक्क किती वर्षांसाठी, तिथे टिंबं होती. भरायचं त्यांच्याकडूनच राहून गेलं होतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे जून २०२८. कॅलेंडर तेवढं पुढचं मिळत नाही, म्हणून कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावली आहे. खाली ३३ प्रती आहेत. सात वाटल्या, त्यांत 'पायऱ्या' पेनाने दुरुस्त करून दिल्या.