ॲटम एन२७० नेटबुकवर अँटिक्स २३: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंटेल ॲटम एन२७० म्हणजे १.६ गिगाहर्ट्झ, एकच कोर आणि फक्त ३२ बिट. २००८-०९ च्या १० इंची नेटबुकांत सर्रास हाच प्रोसेसर असायचा. त्यावर अँटिक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२ बिट फुल आवृत्ती काही महिने रोज वापरल्यावर मत पक्कं झालंय: या यंत्राला सिस्टिम सहज पेलते, दमछाक होते ती ब्राउझरमुळे. त्यामुळे कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) टाकायचं यावर डोकं शिणवण्याआधी रॅम आणि डिस्क बदला.

रॅमची खाच बहुतेक मॉडेलांत एकच असते आणि चिपसेट २ जीबीच्या पुढे जात नाही. डीडीआर२ लॅपटॉप रॅमच घ्या. ६६७ मेगाहर्ट्झची चालते, फक्त ५३३ च्या वेगाने. डिस्क जोडायचा साटा पोर्ट सेकंदाला दीड गिगाबिटचाच असल्याने महागडी एसएसडी वाया जाईल, १२० जीबीची साधी पुरते. जुन्या हार्डडिस्कवर फायरफॉक्स उघडताना जी खरखर आणि ताटकळणं असतं, ते एसएसडीने जवळपास संपतं. सगळ्या खर्चात हाच खर्च सर्वांत सत्कारणी लागतो.

इन्स्टॉलसाठीचा पेनड्राइव्ह विंडोजवर रुफस या प्रोग्रामने करत असाल तर डीडी मोड निवडा. लिनक्सवरून डीडी कमांड देताना आयएसओ (अँटिक्सची डाउनलोड केलेली फाइल) पूर्ण ड्राइव्हवर लिहायची, त्याच्या पहिल्या पार्टिशनवर नाही. तिथे चुकलं की बूटच होत नाही. लाइव्हमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवताना, युजर आणि पासवर्ड दोन्ही ‘डेमो’ (demo), रूटचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड ‘रूट’ (root). इन्स्टॉल करण्याआधी इथेच वाय-फाय तपासून घ्या. ब्रॉडकॉमची चिप फर्मवेअरवाचून अडली तर मोबाइलचं यूएसबी टेदरिंग कामाला येतं.

स्क्रीनची उंची ६०० पिक्सेलच, त्यामुळे काही खिडक्यांची खालची बटणं दिसतच नाहीत. ऑल्ट दाबून धरा आणि खिडकी माउसने वर ओढा. डिस्कची विभागणी: २ जीबी स्वॅप (रॅम भरली की वापरायची जागा), उरलेलं सगळं एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम). या यंत्रांत यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) नसतं, म्हणून ग्रब (बूट करून देणारा प्रोग्राम) एमबीआरवर, म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीला, टाकायचा, आणि तोही आतल्या डिस्कच्या. चुकून पेनड्राइव्ह निवडला गेला तर तो काढल्यावर यंत्र बूट होणार नाही.

आता एक कटकट, जिचं कारण पटकन लक्षात येत नाही. बोर्डावरचा बॅटरीचा सेल मेलेला असला की तारीख मागे जाते. मग प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची एरर येते आणि ॲप्ट (सॉफ्टवेअर टाकणारी कमांड) म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध नाही. लोक नेटवर्क तपासत बसतात. सेल बदला, बायोसमध्ये तारीख लावा, काम झालं.

डेस्कटॉप उघडल्यावर रॅम साधारण २०० एमबी लागते. खिडक्या आणि मेनू सांभाळणारं आइसडब्ल्यूएम दिसायला रुक्ष आहे, पण मेनू क्लिकसरशी उघडतो. पीडीएफ, लिब्रेऑफिसमधली पत्रं, मेल, टर्मिनल हे सगळं निवांत चालतं. मराठीसाठी लोहित देवनागरी फॉन्ट आणि आयबसचं एम१७एन पॅकेज टाकलं की इन्स्क्रिप्ट टायपिंग सुरू.

फायरफॉक्समध्ये दोन-तीन जड टॅब उघडले की स्वॅप सुरू होतं. जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन टाकाच, जाहिरातींच्या स्क्रिप्ट थांबल्याचा फरक लगेच जाणवतो. यूट्यूबला जड व्हीपी९ ऐवजी हलक्या एच.२६४ फॉरमॅटमधला व्हिडिओ द्यायला लावणारं एच२६४इफाय एक्स्टेन्शन लावून ३६०पी वर बघा. या यंत्रांतलं जीएमए ९५० ग्राफिक्स हार्डवेअरमध्ये फक्त जुन्या एमपीईजी-२ फॉरमॅटलाच थोडी मदत करतं; बाकीचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि व्हीपी९ मध्ये चित्र अडखळतं. डाउनलोड केलेला ४८०पी व्हिडिओ एमपीव्ही या प्लेअरमध्ये नीट चालतो, ७२०पी ची आशा सोडा.

३२ बिटचं भवितव्य मात्र डोळ्यांसमोर ठेवा. क्रोमने लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं. अँटिक्स २३ चा पाया म्हणजे डेबियन १२ हे मूळ लिनक्स. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल नाही. फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्ससाठी शेवटची आवृत्ती. त्यामुळे फायरफॉक्सच्या ईएसआर १४० (जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी आवृत्ती) वरच राहा, आणि तिचे सुरक्षा अपडेट बंद झाले की या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नका.