पावसाळाभर गाडी ‘कोरडी’ ठेवून देतो म्हणणाऱ्याने मला ९५,५२४ रुपयांना बुडवलं

आकडा आधीच सांगून टाकते, कारण लिहिता लिहिता लाज वाटायला लागली की तो गाळावासा वाटेल. ९५,५२४ रुपये. त्यातले ४४,५७४ मी स्वतः यूपीआयने पाठवले आणि वर ‘धन्यवाद दादा’ असंही लिहिलं. उरलेले ५०,९५० त्या दादाने माझ्या गाडीचं जे करून ठेवलं ते निस्तरण्यात गेले.

‘पण गाडी अशी अनोळखी माणसाकडे ठेवावीच कशाला?’ हे विचारणारे भेटलेत बरेच, म्हणून उत्तर देते. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. भाड्याच्या घराचं पार्किंग उघडं, तेही आंब्याच्या झाडाखाली. जूनमध्ये मुलीच्या बाळंतपणाला कॅनडाला जायचं होतं, परत यायचं दिवाळी करून. म्हणजे अख्खा पावसाळा गाडी बेवारस. नव्या इमारतीत कोण कुणाचं? चावी कुणाला देणार? तेव्हा ‘मॉन्सून कार स्टोरेज, ह्युमिडिटी कंट्रोल्ड’ अशी जाहिरात दिसल्यावर मी फोन केला, तर त्यात गैर काय? पैसे वाचवायला नाही, पैसे देऊन नीट सोय करायला गेले होते.

हिशेब असा. महिना ४,५०० प्रमाणे पाच महिन्यांचं भाडं २२,५००. ‘दमटपणा संरक्षण पॅकेज’ ६,८००: त्यात हवा खेळती राहील असं कापडी कव्हर, सिलिका जेल, बॅटरीला छोटा चार्जर आणि दर आठवड्याला फोटो. एकूण २९,३०० वर १८ टक्के जीएसटी ५,२७४. शिवाय परत मिळणारं डिपॉझिट १०,०००. पावतीवर जीएसटी नंबर छापलेला, सुरुवात महाराष्ट्राच्या २७ नेच. आल्यावर मोजला तर अक्षरं चौदा. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. पैसे देण्याआधी टाका. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतेय.

आता ती शेड. मुळशीच्या वाटेवर, मुख्य रस्त्यापासून आत. वर पत्रा, खाली कोबा, कमरेएवढी भिंत आणि त्यावर छतापर्यंत जाळी. ओळखलंत? पोल्ट्रीची शेड. जाळीवर आतून फ्लेक्स बांधले होते, कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, छापील बाजू आत. वारा आला की भाऊंचे गाल फुगत होते. कोपऱ्यात एक पांढरं यंत्र घूं घूं करत होतं, हिरवा दिवा लागलेला. दादा म्हणाला, “काकू, हा डीह्युमिडिफायर. चोवीस तास चालू. बिनधास्त जा.”

तिथेच. तिथेच कळायला हवं होतं, आणि रात्री झोप लागत नाही ती याच गोष्टीने. हवेतलं पाणी काढणारं यंत्र काढलेल्या पाण्याचं काय करतं? त्याला एकतर भरणारी टाकी लागते, नाहीतर बाहेर गेलेली नळी. पावसाळ्यात एवढ्या मोठ्या जागेत त्यातून रोज बादल्या भरून पाणी निघालं पाहिजे. इथे नळी नाही, बादली नाही, यंत्राखालचा कोबा कोरडा ठणठणीत. आणि जागा बंदिस्त नसेल तर असली दहा यंत्रं लावली तरी ते मच्छरदाणीत एसी लावण्यासारखं. मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. गार पेल्यावर बाहेरून पाणी का धरतं, हे आठवीच्या किती तुकड्यांना विचारलं असेल! पण चार दिवसांवर विमान, मुलीचं ब्लडप्रेशर वाढलेलं, ह्यांचा गुडघा, घरभर उघड्या बॅगा. त्या वेळी माणूस फ्लेक्स बघत नाही. बघितला तरी बोलत नाही. बिनधास्त जा म्हणणाऱ्या माणसाला ‘पाणी कुठे जातं ते दाखव’ म्हणायला आपल्याला संकोच वाटतो आणि हे लोक त्या संकोचावरच पोट भरतात. तुम्ही विचारा. उद्धट वाटलं तर वाटू दे.

जागेबद्दलही आत्ताच सांगते. पावसाळ्यासाठी गाडी ठेवायची तर पुण्याच्या पश्चिमेला जाऊच नका. मुळशी, ताम्हिणीकडे पाऊस किती पडतो ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त आठवण वर्षासहलीपुरतीच येते. पूर्वेला यवत, दौंड, शिरूरकडे गेलात की पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो, हवा पुष्कळ कोरडी. मला पश्चिमेची शेड सोयीची वाटली, कारण घरापासून जवळ. दादाला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

जुलैच्या मध्यावर टोरांटोत पहाटे ह्यांच्या फोनवर मेसेज: फास्टॅगमधून टोल कापला, खेड शिवापूर, म्हणजे पुणे-सातारा रस्ता. रात्री उशिरा परतीचाही. मी लगेच दादाला विचारलं. उत्तर तयार: “काकू, हल्ली चुकीचा टोल कापतात, पेपरात वाचलं नाही का? गाडी तर माझ्यासमोर उभी आहे.” आणि सोबत फोटो, आर्द्रतामापकाचा, ४५ टक्के. घरात उभ्या असलेल्या गाडीचा टोल कापल्याच्या तक्रारी मीही वाचल्या होत्या, म्हणून पटलं. शिवाय कडेवर आठ दिवसांचं बाळ होतं.

तो फोटो नंतर मोठा करून पाहिला. तापमान २४ अंश आणि मापकाखाली चकचकीत फरशी. पोल्ट्रीच्या कोब्यावर चकचकीत फरशी कुठून आली? एसी ऑफिसात काढलेला फोटो तो. जुलैत मुळशीच्या उघड्या शेडमध्ये ४५ टक्के आर्द्रता दाखवणारं यंत्र असेल तर ते वेधशाळेला भेट द्यायला हवं. बाहेर ८५-९० चालू असते तेव्हा. साधारण ७० च्या वर बराच काळ राहिली की कापडावर, चामड्यावर बुरशी धरायला लागते. फोटो मागायचाच असेल तर मापक गाडीच्या सीटवर ठेवून, त्या दिवसाच्या वर्तमानपत्रासकट, व्हिडिओ कॉलवर मागा.

नोव्हेंबरमध्ये गाडी घ्यायला गेलो. कापडी कव्हर नव्हतंच, निळं प्लॅस्टिक होतं, बांधकामावर टाकतात ते. काढल्यावर आतून पाणी निथळलं. हेच तर होतं: कोब्यातून वाफ वर येते, प्लॅस्टिकमुळे अडकते, रात्री गाडीचा पत्रा गार पडला की त्यावर थेंब धरतात, सकाळी परत वाफ. महिनोन् महिने. त्यापेक्षा गाडी उघड्यावर, नुसत्या वाऱ्यात उभी असती तर बरी राहिली असती, आणि हे मी रागाने म्हणत नाही.

दार उघडलं आणि कुबट वासाने ठसका लागला. स्टिअरिंगवर हिरवी लव, सीटबेल्टवर पांढरे ठिपके, छताचं कापड सुटून लोंबत होतं. सिलिका जेल म्हणजे बुटाच्या खोक्यात असतात तेवढ्या दोन पुड्या, गुलाबी पडलेल्या. निळे दाणे गुलाबी झाले की भरले, मग ते भाजून परत निळे करायचे असतात किंवा टाकून द्यायचे. आणि पुढच्या सीटखाली सापडला सातारी कंदी पेढ्यांचा रिकामा बॉक्स! मॅटवर वाळलेला चिखल, चार माणसांच्या पायांचा. मीटरवर मी लिहून ठेवलेल्या आकड्याहून ६१२ किलोमीटर जास्त. जाताना फुल करून दिलेली टाकी पावावर. टाकी मी मुद्दाम फुल केली होती, कारण रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ आत पाणी सोडते आणि आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते पाणी ओढून घेण्याची खोड आहे. माझ्या पेट्रोलवर सातारा रस्त्यावर पेढे खाऊन आले, भिजलेल्या बुटांनी बसले, काचा वर केल्या, ओली गाडी प्लॅस्टिकखाली ढकलली आणि विसरले.

हँडब्रेक ओढू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा, अशी चिठ्ठी मी डॅशबोर्डवर चिकटवली होती. चिठ्ठी जागेवर होती. हँडब्रेक पूर्ण ओढलेला. ओल्या ब्रेक ड्रमला आतले लायनर चिकटून बसले, गाडी हलेना, टोइंगवाला बोलवावा लागला (त्याने पैसे घेतले नाहीत, देव त्याचं भलं करो). गॅरेजचं बिल: लायनर सोडवणं १,८५०, पुढच्या डिस्क आणि पॅड ११,४००, बॅटरी ६,२००, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग १४,७००, आतली सफाई ९,५००, छताचं कापड ७,३००. डिस्कवर नुसता तांबूस थर असता तर चार ब्रेक मारून गेला असता. इथे खड्डे पडले होते. चार्जर कधी लावलाच नव्हता. कुणी सांभाळणारं नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे. आणि ‘रोज पाच मिनिटं स्टार्ट करतो’ म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, बॅटरी भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी तेवढं साठतं. चालवायची तर अर्धा तास, एसी लावून.

दादा? “काकू, पावसाळा आहे, थोडा दमटपणा येणारच.” डिपॉझिट ‘सर्व्हिस चार्ज’मध्ये जिरलं.

मग सुरू झाली वणवण. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, शेड आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात सांगितलं, पैसे तुम्ही घरी बसून पाठवलेत, तिकडेच जा. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून घ्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हे मी छापून नेलं, तर साहेब म्हणाले, “मॅडम, गाडी परत मिळाली ना? मग चोरी कुठे झाली? हे दिवाणी आहे.” टोलचे मेसेज दाखवले, पेढ्यांचा बॉक्स दाखवला. बॉक्स बघून दोघं हसले. हसा! विम्याच्या सर्व्हेअरने पाच मिनिटांत निकाल दिला: बुरशी आणि गंज म्हणजे हळूहळू झालेली झीज, पॉलिसीत बसत नाही. खोट्या जीएसटीची तक्रार द्यायला गेले, तर खोटा नंबर असलेल्या माणसाचा खरा नंबर आणा म्हणाले. एका हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि काही दिवसांनी ‘समोरील पक्षाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद’ असा मेसेज पाठवला. फसवणाऱ्याने उत्तर दिलं नाही म्हणून फसलेल्याची तक्रार बंद! ग्रामपंचायतीत तर कळलं की तिथे गाड्या ठेवतात हेच त्यांच्या कागदावर नाही. सगळीकडे एकच प्रश्न मात्र आवर्जून विचारला, “तुम्ही आधी चौकशी नाही केली का?”

कामाचं जे कळलं ते एका वकील भाचीकडून. पावतीच्या मागे ‘वाहनाची जबाबदारी मालकाची’ असं छापलेलं असलं म्हणून हातपाय गाळू नका. दुसऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू परवानगीशिवाय वापरली आणि नुकसान झालं, तर ते भरून द्यावं लागतं. करार कायदा १८७२, कलम १५४. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. फक्त पुरावा पाहिजे. गाडी देताना मीटरचा, टाकीच्या काट्याचा, चारी बाजूंचा व्हिडिओ त्या माणसाच्या तोंडासकट काढा. फास्टॅग काचेवर राहू द्या, काढू नका. माझ्याकडे आज जे काही आहे ते त्या दोन टोलच्या मेसेजमुळे आहे.

दादाचं नाव इथे लिहीत नाही, भाचीने बजावलं आहे. तक्रार दाखल झाली आहे, तारीख अजून नाही. परवा त्याच्या स्टेटसवर ‘पुढच्या पावसाळ्याचं बुकिंग सुरू, मेपर्यंत दहा टक्के सूट’ असं दिसलं. खाली आर्द्रतामापकाचा तोच फोटो. तुमची गाडी आत्ता अशा शेडमध्ये असेल तर फोन करू नका, न सांगता जा, आणि आधी सीटखाली बघा.