लॅपटॉपची डिस्क भरली: शॉर्टकट पुरेल की लिंक करावी?

माझ्या लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची, विंडोज त्यातले २३८च दाखवतं. अमळनेरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला एवढी जागा वैशाखात आठवडाभरही पुरत नाही. त्यात श्रावणातल्या कानबाई देवीच्या अहिराणी गाण्यांची रेकॉर्डिंगं. ती मी पुसणार नाही; गल्लीतल्या आज्या दरवर्षी म्हणतात, "भाऊ, कानबाईना गाना लाव ना." म्हणून माल बाहेरच्या डिस्कवर ठेवला आणि लॅपटॉपवर फक्त वाट दाखवणारी खूण ठेवली. ही खूण दोन प्रकारची असते आणि दोन्हींत खूप फरक आहे.

शॉर्टकट म्हणजे एक-दोन केबीची चिठ्ठी. तुम्ही क्लिक केलं की फोल्डर उघडतं, पण सॉफ्टवेअर त्याला फोल्डर मानत नाही. गाणी ऐकायची, जुने अल्बम गिऱ्हाइकाला दाखवायचे, एवढंच काम असेल तर शॉर्टकट करा आणि मोकळे व्हा.

सिम्बॉलिक लिंक मात्र सॉफ्टवेअरला खऱ्या फोल्डरसारखीच दिसते. एडिटिंगचा प्रोजेक्ट नेहमीच्याच पत्त्यावर फायली शोधतो आणि त्या तिथे सापडतात, प्रत्यक्षात त्या बाहेर असल्या तरी. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एमकेलिंक ही कमांड द्यावी लागते, फोल्डरसाठी तिला /D जोडायचा. लिंक जिथे बनवायची ती डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची (म्हणजे फायली मांडायच्या त्या पद्धतीची) हवी. बाहेरची एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटची असली तरी चालतं. हार्ड लिंकच्या, म्हणजे एकाच फाइलला दुसरं नाव देण्याच्या, नादी लागू नका, ती एका डिस्कवरून दुसरीवर जातच नाही.

शॉर्टकट आणि सिम्बॉलिक लिंक, दोन्हींचं दुखणं एकच: ड्राइव्ह लेटर, म्हणजे विंडोज प्रत्येक डिस्कला देतं ते अक्षर. मागच्या सीझनला कार्ड रीडर आधी लावला, त्याने ई घेतलं, डिस्कला एफ मिळालं आणि हळदीच्या व्हिडिओची सगळी टाइमलाइन लाल झाली, म्हणजे सॉफ्टवेअरला फायली सापडेनात. नवरीचे वडील शेजारी बसलेले होते. तेव्हापासून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला एक्स हे अक्षर कायमचं देऊन ठेवलंय, तिथवर दुसरं काही पोचत नाही. लिंक करायच्या आधी हे करा.

पुसताना जपून. लिंकच पुसली तर मूळ फायली राहतात, पण लिंकमधून आत शिरून एखादी फाइल पुसली तर मूळ फाइलच जाते. पेनड्राइव्हवरची असेल तर रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

पेनड्राइव्ह, हार्डडिस्क की एसएसडी? पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता, फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तो घेतच नाही. फिरती हार्डडिस्क स्वस्त, साठवणीला चांगली, पण चालू एडिटिंगला रखडते. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, अशा दुपारी ती तासन्‌तास चालू ठेवायला माझं मन धजत नाही. पैसे जमत असतील तर लिंकच्या कामाला एसएसडीच घ्या, निळ्या, म्हणजे वेगवान यूएसबी पोर्टला लावून.

चालू लग्नाचं फुटेज मी अजूनही लॅपटॉपच्याच डिस्कवर ठेवतो. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात गेला की ते बाहेर हलवतो आणि मग लिंक करतो. कानबाईची गाणी दोन डिस्कवर आहेत, कारण लिंक म्हणजे दुसरी प्रत नव्हे. त्यातली एक डिस्क धुळ्याला बहिणीच्या घरी आहे.